आई-बाबांना घेऊन डिस्ने वर्ल्डला: व्हीलचेअर की स्कूटर, आणि भाड्याने कशी घ्यावी

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-बाबांना ऑरलँडोला न्यायचं ठरलं की तिकिटं, हॉटेल, जेवणाचं काय, यावर घरात महिनाभर खल होतो. चालायचं कसं, हा विषय मात्र पार्कच्या गेटवर पोचल्यावर निघतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

फ्लॉरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एकच पार्क नव्हे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार मोठी पार्कं तिथे आहेत आणि सगळा परिसर सुमारे २५ हजार एकरांचा आहे. एका पार्कात दिवस काढला तरी संध्याकाळपर्यंत दहा-बारा किलोमीटर चाल सहज होते. त्यात फ्लॉरिडाचं ऊन आणि कोकणासारखी दमट हवा.

१. निर्णय घरीच घ्या

‘मला काय धाड भरलीय? रोज सकाळी टेकडी चढून येतो मी,’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येईल. बाबा खोटं बोलत नसतात. पण टेकडी पहाटेच्या गार हवेत, आपल्या चालीने चढायची असते आणि तासाभरात घरी परत यायचं असतं. पार्कात खरा त्रास चालण्याचा नसतो, उभं राहण्याचा असतो. पाऊण तासाच्या रांगेत दोन पावलं पुढे, पाच मिनिटं थांबा, पुन्हा दोन पावलं. ज्यांच्या कंबरेच्या मणक्यांत दुखणं आहे त्यांना हे चालण्यापेक्षा जड जातं.

म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी एका सुट्टीच्या दिवशी त्यांना एखाद्या मोठ्या मॉलमध्ये तीन-चार तास फिरवा आणि चार गोष्टी बघा. कुठेही न टेकता ते किती मिनिटं उभे राहतात? आधाराशिवाय एक उंच पायरी चढतात-उतरतात का? बुटक्या सोफ्यावरून स्वतःचे स्वतः उठतात का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजलेत का? सहल चार दिवसांची असते, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

संकोचाचं म्हणाल तर एक आठवण करून द्या. मुंबई विमानतळावर हीच आई व्हीलचेअरमध्ये बसून इमिग्रेशन पार करून गेली होती, तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. इथे तर स्कूटरवर, म्हणजे बसून चालवायच्या तीन-चार चाकांच्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीवर, बसलेली माणसं पावलोपावली दिसतात. कोणी वळूनही बघत नाही.

२. साधन निवडा

चालणं ठीक आहे पण उभं राहवत नाही, अशांसाठी रोलेटर पुरतो. म्हणजे चार चाकांचा, ब्रेक आणि बसायची सीट असलेला वॉकर. रांग थांबली की ब्रेक लावायचा आणि बसायचं. पण त्यावर बसलेल्या माणसासकट तो ढकलायचा नाही. तो त्यासाठी बनवलेला नसतो आणि छोट्याशा खाचेतही उलटू शकतो.

व्हीलचेअर घेताना आधी ढकलणारा कोण, हे ठरवा. आपल्याकडे सगळे आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, मुलाच्या कंबरेची कोणी करत नाही. एपकॉटमध्ये तलावाभोवती अकरा देशांचे विभाग आहेत आणि त्यांचा फेरा जवळपास दोन किलोमीटरचा आहे. वाटेत पुलाचा चढ लागतो. दुपारी दोन वाजता त्या चढावर खुर्ची ढकलणाऱ्याला घाम फुटतो. त्याच माणसाच्या कडेवर दोन वर्षांचं पोर असेल तर व्हीलचेअरचा बेत कागदावरच राहू द्या.

व्हीलचेअर घ्यायचीच असेल तर माप बघा. अमेरिकेत भाड्याची खुर्ची बहुधा १८ इंच किंवा त्याहून रुंद सीटची असते. आपल्या सव्वापाच फुटाच्या, बारीक अंगाच्या आईला ती मोठी होते: बाजूंना पोकळी राहते आणि पाय लोंबकळतात. १६ इंची मिळते का, ते विचारा. पाय टेकवायचे पायटे वर-खाली करता येतात का, तेही विचारा. चारही चाकं छोटी असलेली ट्रान्सपोर्ट चेअर हलकी असते आणि गाडीत पटकन जाते, पण दिवसभराच्या फिरण्याला मी ती सुचवणार नाही. छोटी चाकं प्रत्येक खाचेत अडकतात आणि बसलेल्याला ती स्वतः हलवता येत नाही.

ज्यांचे हात, डोळे आणि भान शाबूत आहे त्यांच्यासाठी माझं मत सरळ स्कूटरच्या बाजूने आहे. डिस्नेवाले तिला ईसीव्ही म्हणतात. खर्च जास्त, पण व्हीलचेअरमध्ये बसलेला माणूस दुसरा नेईल तिथे जातो. स्कूटरवरची आई एखाद्या दुकानाच्या काचेपुढे हवी तेवढी रेंगाळते, आणि नातवंडांना मागे बसता येत नाही म्हणून भांडण लागतं, एवढाच काय तो तोटा. ती एकाच माणसासाठी असते. मात्र हात थरथरत असतील, दिसण्याचा त्रास असेल, विसराळूपणाचा आजार असेल किंवा चक्कर आणणारी औषधं चालू असतील तर स्कूटर नको. मग व्हीलचेअरच.

तीन चाकांची स्कूटर अरुंद जागेत छान वळते, चार चाकांची जास्त स्थिर असते. नवख्याला चारचाकी बरी. डिस्नेच्या नियमानुसार कुठलंही साधन ३६ इंच रुंदी आणि ५२ इंच लांबीच्या आत हवं आणि त्याला किमान तीन चाकं हवीत. उभं राहून चालवायची दुचाकी सेगवे चालत नाही.

३. कुठून घ्यायची

पार्कातच भाड्याने मिळते. प्रवेशद्वाराजवळच दुकान असतं. व्हीलचेअर स्वस्तात मिळते, स्कूटरला मात्र दिवसाला ५० डॉलर किंवा त्याहून जास्त आणि वर अनामत लागते. जाण्याआधी चालू दर अधिकृत वेबसाइटवर बघून घ्या. पार्कच्या स्कूटरचं आगाऊ बुकिंग होत नाही. जो आधी येईल त्याला. गर्दीच्या दिवशी त्या सकाळीच संपतात. चालवणारा १८ वर्षांचा तरी हवा. एकाच दिवशी दोन पार्कं करणार असाल तर पावती जपून ठेवा. ती दाखवली की दुसऱ्या पार्कात पुन्हा भाडं भरावं लागत नाही, अर्थात तिथे स्कूटर शिल्लक असेल तर.

खरी अडचण वेगळीच आहे. ही स्कूटर पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे गाडीपासून गेटपर्यंतची चाल तुमचीच. मॅजिक किंगडममध्ये तर गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने पलीकडे जायचं, आणि मग कुठे गेट येतं. रात्री आतषबाजी पाहून दमलेल्या पायांनी हाच रस्ता उलटा करायचा असतो.

तीन दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असाल तर बाहेरच्या भाडे कंपनीकडून आठवड्यासाठी स्कूटर घेणं बहुतेक वेळा स्वस्तही पडतं आणि सोयीचंही. ऑरलँडोत अशा बऱ्याच कंपन्या आहेत. त्या हॉटेलवर, किंवा शेजारच्या किसिमी गावात घर भाड्याने घेतलं असेल तर तिथे आणून देतात. मग खोलीपासूनच स्कूटर हाताशी असते. एक-दोनच दिवस जाणार असाल तर पार्कातली पुरे.

डिस्नेच्या हॉटेलांत काही मोफत व्हीलचेअर अनामत घेऊन देतात, पण त्या मोजक्याच असतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. घडीची साधी व्हीलचेअर घरी असेल तर ती भारतातून आणायला हरकत नाही. विमान कंपन्या तिचे पैसे लावत नाहीत. बॅटरीची स्कूटर मात्र आणू नका. बॅटरीचे नियम किचकट आहेत, शिवाय तिकडे वीज १२० व्होल्टची.

४. फोनवर काय विचारायचं

चालवणाऱ्याचं वजन पाउंडांत सांगा (किलो गुणिले २.२), आणि उंचीही. वजन लपवलं तर कमी ताकदीची स्कूटर गळ्यात पडते आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. एका चार्जिंगमध्ये किती मैल जाते? पार्कात बंद पडली तर बदली किती वेळात आणि कुठे मिळेल? चोरी आणि मोडतोडीचं संरक्षण भाड्यात धरलंय की वेगळे पैसे? पावसाचं आवरण आणि पुढची टोपली सोबत देता का?

दोन प्रश्न लोक विसरतात. पहिला: स्कूटर घ्यायला आणि परत द्यायला आम्ही हजर असायला हवं का? काही ठिकाणी हॉटेलच्या काउंटरवर ठेवून चालत नाही, समोरासमोर द्यावी लागते. विमान उशिरा पोचणार असेल तर हे आधी माहीत हवं. दुसरा: सुटी केल्यावर सर्वांत जड भाग किती किलोचा? भाड्याच्या गाडीच्या डिकीत तो रोज कोणीतरी उचलून ठेवणार आहे. डिस्नेच्या बसनेच फिरणार असाल तर हा प्रश्न सोडून द्या.

५. पहिल्या संध्याकाळी सराव

स्कूटर हातात आली की लगेच पार्कात धावू नका. हॉटेलच्या पार्किंगमध्ये अर्धा तास चालवा.

हँडलवर वेगाचं बटण असतं, एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला. सुरुवात कासवावर. लिफ्टमध्ये, दुकानात, गर्दीतही कासवच. पुढे जायला हँडलजवळची पट्टी दाबायची. सोडली की स्कूटर आपोआप थांबते. आपल्या लोकांचा घोटाळा इथेच होतो. ज्यांनी आयुष्यभर स्कूटी किंवा सायकल चालवली त्यांचा हात घाबरला की ब्रेक समजून पट्टी आणखी आवळतो, आणि स्कूटर थांबायच्या ऐवजी पुढच्याच्या घोट्यावर जाते. ‘थांबायचं तर सोड,’ हे आईकडून दहा-वीस वेळा करून घ्या, तोंडाने सांगून भागत नाही.

मागच्या चाकांजवळ एक खटका असतो. तो एका बाजूला केला की मोटर सुटते आणि स्कूटर हाताने ढकलता येते. त्या अवस्थेत ब्रेकही लागत नाही, म्हणून उतारावर त्याला हात लावायचा नाही. स्कूटर सुरू होत नाही अशी तक्रार करण्याआधीही हा खटका तपासा.

साडी असेल तर पदर खोचून घ्या, ओढणी गळ्यात नको. दोन्ही चाकात जातात. खरं तर पंजाबी ड्रेस किंवा पँटच बरी.

६. पार्कात

सगळ्यांत मोठा गैरसमज आधी मोडून काढू: व्हीलचेअर किंवा स्कूटर असली म्हणजे रांग चुकत नाही. बहुतेक रांगांची वाट चाकं जातील एवढी रुंद आहे, आणि तुम्ही सगळ्यांबरोबरच उभे, म्हणजे बसलेले, असता. काही जुन्या राइडना वेगळं दार आहे, पण तिथेही थांबावं लागतं. रांगेबाहेर आपली वेळ येईपर्यंत थांबू देणारा डीएएस नावाचा पास मिळेल, असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, २०२४ पासून तो प्रामुख्याने ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. गुडघेदुखीवर तो मिळत नाही.

प्रत्येक राइडला काय चालतं, ते गेस्ट रिलेशन्सच्या (पार्कातल्या मदत कक्षाच्या) माहितीपत्रकात आणि वेबसाइटवर लिहिलेलं असतं. आदल्या रात्री वाचून ठेवा. हॉल ऑफ प्रेसिडेंट्ससारख्या बसून बघायच्या खेळात स्कूटरवरच बसून राहता येतं. जंगल क्रूझ, इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि अ‍ॅनिमल किंगडममधली किलिमांजारो सफारी या ठिकाणी स्कूटरवरून साध्या व्हीलचेअरमध्ये बदलून बसायचं असतं. काही राइडमध्ये खुर्ची सोडून थेट बोटीत किंवा डब्यात जावं लागतं, आणि डिस्नेचे कर्मचारी उचलून बसवत नाहीत. ती मदत घरच्यांनीच करायची. मॅजिक किंगडमच्या पीपलमूव्हर या उंचावरून फिरवणाऱ्या गाडीला तर स्वतः चालता यायला हवं, कारण वर जायला सरकता चढ आहे.

मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. ते नेहमी काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर पुढचं चाक खाचेत अडकतं.

राइडच्या बाहेर शेकडो एकसारख्या स्कूटर उभ्या असतात. हँडलला भडक रंगाचा रुमाल बांधा आणि किल्ली काढून घ्या. कर्मचारी जागा करायला स्कूटर सरकवतात, त्यामुळे ठेवली तिथे ती दिसली नाही तर लगेच चोरी झाली म्हणून ओरडू नका.

बसमध्ये रॅम्प असतो, पण चाकांच्या खुर्च्यांना जागा मोजकीच. ती भरलेली असेल तर पुढच्या बसची वाट बघावी लागते, म्हणून पार्क बंद व्हायच्या अर्धा तास आधी निघा. बसमध्ये स्कूटर नेमकी कडेला लावणं सुरुवातीला जमत नाही. कासवावर ठेवा, ड्रायव्हरची मदत घ्या. स्कायलायनर या रोपवेवर त्यामानाने सोपं: चाकांवरच्या प्रवाशांसाठी पाळणा वेगळ्या मार्गावर घेऊन थांबवतात.

उन्हाळ्यात दुपारी तिकडे गडगडाटी पाऊस ठरलेला. स्वतः भिजलात तरी चालेल, हँडलवरची बटणं झाका. एक मोठी प्लास्टिकची पिशवी पुरते. रात्री खोलीवर आल्या आल्या, चहाच्याही आधी, चार्जर लावा आणि दिवा पेटलाय ना ते बघा. खोलीतले काही प्लग भिंतीवरच्या बटणावर चालतात. दिवा मालवला की चार्जिंगही बंद होतं.

७. परत देताना

चार्जर, किल्ली आणि आवरण या तीन वस्तू मोजून द्या. चार्जर हमखास पलंगामागच्या प्लगला राहतो. देताना स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, अनामतीवरून वाद झाला तर उपयोगी पडतात. शेवटच्या दिवशी विमान दुपारचं असेल तर स्कूटर आदल्या संध्याकाळी परत देऊ नका. सकाळची वेळ मागून घ्या. नाहीतर सामान आवरून लॉबीपर्यंतचा सगळ्यात लांब वाटणारा कॉरिडॉर आईला पायीच पार करावा लागेल.