यकृतपेशींच्या एंडोसायटोसिसचं मॉडेल करताय? या चुका टाळा

यकृतपेशींच्या एंडोसायटोसिसचं (पेशी बाहेरचे रेणू पडद्यात गुंडाळून आत ओढते, त्या क्रियेचं) गणिती मॉडेल घेऊन कुणी आलं की मी आधी समीकरणं बघत नाही. डिशमध्ये माध्यम (पेशींचं पोषक द्रव) किती आणि पेशी किती, ते विचारते. सगळ्यात जास्त दिसणारी चूक तिथेच असते: बाहेरचा ईजीएफ (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) स्थिर धरणं.

हिशेब करा. ईजीएफचा रेणुभार साधारण 6,000. मिलिलिटरभर माध्यमात 1 नॅनोग्रॅम टाकला, तर रेणू होतात सुमारे 10,000 कोटी. डिशमध्ये 10 लाख पेशी आणि दर पेशीवर 2 लाख रिसेप्टर (ईजीएफ पकडणारी पृष्ठभागावरची प्रथिनं) धरले, तर रिसेप्टर 20,000 कोटी. म्हणजे रेणूंच्या दुप्पट! मग ईजीएफ स्थिर राहील कसा?

एका विद्यार्थिनीच्या डेटात रिसेप्टरचं फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट लागणं, म्हणजे तो सक्रिय झाल्याची खूण) चढून लवकर उतरत होतं. तिने ईजीएफ स्थिर धरलेला, त्यामुळे तो उतार जुळवण्यासाठी फिटिंगने रिसेप्टरच्या विघटनाचा दर वाढवत नेला. वक्र डेटावर चपखल बसला आणि ‘यकृतपेशी रिसेप्टर झपाट्याने संपवतात’ असा निष्कर्षही लिहून झाला. मी माध्यमाचा एलायझा (प्रथिन किती आहे ते मोजणारी चाचणी) करायला लावला. अर्ध्या तासाने त्यात ईजीएफ जवळजवळ उरलाच नव्हता, पेशींनी तो आत ओढून घेतला होता. लिगँडसाठी (रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूसाठी, इथे ईजीएफसाठी) एक समीकरण वाढवताच तो दर खाली आला आणि निष्कर्ष खोडावा लागला. तेव्हापासून सगळं ‘रेणू प्रति पेशी’ याच एककात लिहायला लावते.

दुसरी चूक उतावळेपणाची. स्थिर अवस्थेत रिसेप्टर पृष्ठभागावर किती आणि आत किती, एवढंच मोजून आत जाण्याचा आणि परत येण्याचा असे दोन्ही दर सांगणारे बरेच भेटतात. त्यातून फक्त गुणोत्तर मिळतं. दोन्ही दर दहापट करा, प्रमाण तेच राहील. कोपासीने (मॉडेल चालवण्याच्या सॉफ्टवेअरने) आकडा छापला म्हणजे तो ठरला असं नाही. 4 अंशांवर लिगँड बांधा, 37 अंशांवर न्या, ठरावीक मिनिटांनी पृष्ठभाग आम्लाने धुऊन आत किती गेलं ते मोजा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पळवाट नाही. प्रोफाइल लाइकलिहुडशिवाय (डेटावरून पॅरामीटर खरंच ठरतो का, या तपासणीशिवाय) आलेले पॅरामीटर मी परत पाठवते.

ईजीएफचे दर टीजीएफ-अल्फाला (त्याच रिसेप्टरला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला) लावू नका. एंडोसोममधल्या (आत ओढलेला माल नेणाऱ्या पेशीतल्या पिशवीमधल्या) सौम्य आम्लात ईजीएफ रिसेप्टरला बऱ्यापैकी धरून राहतो, टीजीएफ-अल्फा सुटतो आणि रिसेप्टर पृष्ठभागावर परततो.

एंडोसोमला पेशीद्रवाची सरासरी संहती देऊ नका. 200 नॅनोमीटर व्यासाच्या एंडोसोममध्ये एकच मोकळा रेणू म्हणजे जवळपास 400 नॅनोमोलर.

एंडोसोम पक्व होताना त्यावरचं रॅब5 हे प्रथिन जाऊन रॅब7 येणं एका स्थिर दराने लिहू नका. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने 2005 मध्ये हा बदल त्याच एंडोसोमवर होताना दाखवला, आणि 2008 चं त्यांचं मॉडेल स्विचचं, म्हणजे एकदम पालटणाऱ्या बदलाचं आहे.

हेपजी2 (यकृताच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) चे आकडे ताज्या काढलेल्या हेपॅटोसाइट्सना (यकृतपेशींना) चालत नाहीत. या ताज्या पेशीही साध्या प्लेटवर काही दिवसांत ध्रुवता (कोणती बाजू पित्ताकडे, कोणती रक्ताकडे हा फरक) गमावतात. कोलॅजेनच्या दोन थरांमध्ये ठेवल्या तर पेशींमधल्या सूक्ष्म पित्तनलिका पुन्हा जुळतात. म्हणून कल्चर कसलं आणि कितव्या दिवसाचं, हे डेटाच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा.