टाचेवरची शीर दुखतेय? नुसता आराम करून भागणार नाही

साताऱ्याची हिल मॅरेथॉन करायची म्हणून यवतेश्वरचा घाट डोक्यात ठेवून महिनाभर नुसते चढ पळायचे आणि मग एका सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेच्या वरची ती जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा अकिलीस टेंडन (रक्ताची शीर नव्हे), अशी आखडलेली की बाथरूमपर्यंत भिंत धरत जायचं. दहा-पंधरा पावलांत मोकळी होते, पळायला लागलं की तर दुखणं गायबच, म्हणून आपण सोडून देतो. मी चार महिने सोडून दिलं होतं, तुम्ही नका देऊ.

आधी शीर चिमटीत धरून नक्की कुठे दुखतंय ते बघा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर दुखत असेल तर मधल्या भागाचा त्रास, आणि शीर हाडाला जिथे चिकटते तिथेच दुखत असेल तर प्रकार थोडा वेगळा. पण पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून फट्कन आवाज आला असेल आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा, शीर तुटलेली असू शकते.

आता आरामाचं. घरी सगळे म्हणतात बस महिनाभर, तेल चोळ. बसलं की दुखणं थांबतं हे खरं, पण शीर अजूनच कमजोर होते आणि पहिल्या रनला पुन्हा तेच. तिला हळूहळू वाढतं वजन लागतं. स्वीडनचे सर्जन हाकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हा त्रास होता, त्यांनी १९९८ साली मांडलेला १२ आठवड्यांचा प्रोग्रॅम आजही फिजिओ देतात. पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, चांगल्या पायाने वर जा आणि दुखऱ्या पायावर सगळं वजन घेत टाच सावकाश पायरीच्या खाली न्या. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून अजून १५ चे ३, असं दिवसातून दोनदा. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन त्यात पुस्तकं भरा.

रोज १८० वेळा हे करणं भयंकर बोअर होतं, मी तिसऱ्या आठवड्यातच कंटाळलो. मग जिममध्ये आठवड्यातून ३ दिवस, जड वजन घेऊन चवड्यांवर वर-खाली, वर जायला ३ सेकंद खाली यायला ३ सेकंद, यावर आलो, यानेही तितकाच फरक पडतो. हाडाजवळ दुखणाऱ्यांनी मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, आणि पोटरी ताणायचे स्ट्रेच बंद, कारण त्यात शीर हाडावर दाबली जाते. बुटात टाचेखाली छोटी हील लिफ्ट, म्हणजे टाच थोडी उंच करणारी गादी, टाकली तर बरं वाटतं.

किती दुखलं तर चालेल? १० पैकी ५ पर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळची पहिली पावलं कालपेक्षा जड वाटली तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा आणि कमी करा. मी तर ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचो.

सायकलवाल्यांनी आधी सीट बघा. उंच असेल तर पेडल खाली जाताना पाऊल बोटांकडे झुकतं आणि पोटरी सारखी ओढत राहते, सीट थोडी खाली घ्या आणि क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली पेडलमध्ये अडकणारी पट्टी, मागे, टाचेच्या दिशेने सरकवा. सिंहगड जड गिअरवर उभं राहून चढायचा हट्ट काही महिने बाजूला ठेवा, हलका गिअर लावला म्हणून कोणी हसत नाही.

शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायची घाई नको, शीर तुटायचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनेही शिरेला त्रास होतो, त्यामुळे लघवीच्या इन्फेक्शनला वगैरे डॉक्टर हे लिहून देत असतील तर अकिलीसचं आधी सांगा.

तीन महिने तर धराच, काहींना वर्षही लागतं. पळणं पूर्ण बंद करायची गरज बहुतेकांना पडत नाही, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर, आरामात. स्पीडवर्क, म्हणजे जोरात पळायचा सराव, नंतर आणि घाट सगळ्यात शेवटी.