प्रार्थना-बैठकीत समलैंगिकतेचा विषय कसा काढावा

वसईत आमच्या आळीची महिन्याची प्रार्थना मीच घेते, म्हणून सांगते. विषय रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, संपल्यावर लगेच काढा. एकदा चहा आला की कोण कोणाचं ऐकतंय!

बायबलमधल्या सदोम शहराच्या नाशाच्या गोष्टीपासून सुरुवात नको, आवाज चढतात. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातला परिच्छेद 2358 मोठ्याने वाचा: अशा व्यक्तींना आदराने, करुणेने स्वीकारावं, अन्यायाने वेगळं वागवू नये. मग 2357 सुद्धा वाचा. तिथे समलैंगिक संबंधांना चर्चचा नकार स्पष्ट आहे. तो गाळलात तर एखादे काका मोबाइलवर काढून दाखवणारच. डिसेंबर 2023 पासून फादर समलिंगी जोडप्याला साधा आशीर्वाद देऊ शकतात, पण उपासनाविधीबाहेर आणि लग्नासारखा दिसू न देता. हे दोन्ही अर्धे एका दमात सांगा. कायद्याचं एकच वाक्य पुरे: 2018 पासून प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्हा नाहीत.

"कोणाचा मुलगा गं?" असं कोणी विचारेलच. नाव घेऊ नका, खुणावूही नका. तो कदाचित मागच्या खुर्चीत बसलेला असेल. "लग्न लावून द्या, सुधारेल" असं कोणी म्हणालं, तर विचारा, "तुमची मुलगी द्याल?"

मग चहा आणा.