ट्रकने उडवलं आणि कागदावर लिहिलं 'गाडीवरून पडला': भरपाई मागताना या चुका टाळा

बीडच्या कोर्टात एका वकिलांकडे मी अठरा वर्षं कारकुनी करतो. मोटार अपघाताच्या फायली माझ्याच हातात असतात. सोलापूर–धुळे महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई अशी रात्रंदिवस ट्रक आणि कंटेनरची रांग असते. कुबड्या टेकत कुणी आलं की मी त्याला आधी बसवतो, पाणी देतो आणि मग कागदांची पिशवी मागतो. आलेला माणूस मात्र पहिलाच प्रश्न विचारतो, "किती मिळतील?" त्या दिवशी याचं उत्तर कुणी ठामपणे दिलं तर तो माणूस तुम्हाला फसवतोय. उत्तर त्या पिशवीत असतं, आणि अपघातानंतरच्या पहिल्या आठ दिवसांत घरच्यांनी काय केलं त्यावर ठरतं.

दवाखान्यात "गाडीवरून पडला" असं सांगणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की केस पेपर उघडताना आजही धास्ती वाटते.

एक प्रकरण सांगतो. चौसाळ्याच्या पुढे पहाटे दूध घालायला निघालेल्या पोराला मागून ट्रकने धडक दिली. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. धाब्यावरच्या लोकांनी त्याला उचललं, गाडीचा नंबर टिपून घेतला, घरी फोन लावला. दाजी धावत आले आणि पोराला खासगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे विचारलं, "कसं झालं?" दाजी म्हणाले, "गाडीवरून घसरून पडला." का, तर पोलिस केस झाली की उपचार थांबतील, जबाबासाठी खेटे पडतील, गाडी ठाण्यात अडकून पडेल. केस पेपरच्या पहिल्या पानावर तेवढंच उतरलं. ट्रकचा उल्लेख नाही, एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद) नाही.

सव्वीस दिवसांनी पोर घरी आला तेव्हा कुणीतरी भरपाईचं सांगितलं. मग फिर्याद, मग पंचनामा. तोवर रस्त्यावर काचेचा तुकडासुद्धा राहिला नव्हता. दावा उभा राहिला तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांना उलटतपासणीत एवढंच विचारलं, "पेशंटच्या नातेवाइकांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला. कंपनीचं म्हणणं झालं की पोर आपला आपण पडला आणि ट्रक मागून चिकटवला. दावा फेटाळला गेला. हायकोर्टाच्या खंडपीठात अपील केलं, प्रकरण फेरसुनावणीला परत आलं, मग धाब्यावरचा माणूस शोधून त्याची साक्ष झाली. शेवटी पैसे मिळाले, पण तोवर सात वर्षं गेली होती. त्या सात वर्षांत दोन म्हशी आणि अर्धा एकर विकला गेला. दाजींचा हेतू वाईट नव्हता. भीतीपोटी ते एक वाक्य बोलून गेले.

म्हणून हे नीट समजून घ्या. पोलिस केस आहे म्हणून जखमीवर तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच सांगून ठेवलं आहे. आता तर २०२५ च्या योजनेत अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंतचे उपचार ठरवलेल्या दवाखान्यांत रोख पैसे न भरता मिळतात. पोलिसांना कळवल्याने तुमचं नुकसान होत नाही, उलट पुढची वाट मोकळी होते.

माझी सवय अशी. ओळखीतल्या कुणाचा फोन आला की मी एकच वाक्य सांगतो आणि त्यांच्याकडून म्हणून घेतो: "अमुक नंबरच्या ट्रकने धडक दिली, एमएलसी करा." नंबर माहीत नसेल तर "ट्रकने धडक दिली" एवढं तरी. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. इंग्रजी येत नसेल तर वॉर्डातल्या शिकलेल्या पोराला बोलवा, पण वाचून घ्या.

आणि आधीच चुकीचं लिहिलं गेलं असेल तर? केस पेपरवर खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका. पेशंट शुद्धीवर आला की त्याच्या सहीने दवाखान्याला दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच दिवशी पोलिसांत जबाब द्या. "घसरून पडला" हे ज्याने सांगितलं त्याला पुढे साक्षीला आणून, घाबरून तसं बोललो, हे त्याच्या तोंडून येऊ द्या. फिर्याद उशिरा झाली एवढ्यावरून दावा मरत नाही. उशिराचं खरं कारण मात्र पहिल्या दिवसापासून एकच असलं पाहिजे.

मालकाच्या माणसाने आणलेल्या कागदावर सही

पेशंट अजून आयसीयूत असतो आणि ट्रकमालकाचा माणूस वीस-पंचवीस हजार रुपये आणि टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन येतो: "आमची काही तक्रार नाही, चूक आमचीच होती." औषधाला पैसे नसतात, भाऊ सही करतो. तो कागद पुढे तुमच्याच समोर येतो. मदत घ्यायची असेल तर घ्या, "उपचारासाठी मदत मिळाली" अशी पावती द्या. त्यापुढे एक शब्दही लिहून देऊ नका.

अपंगत्वाच्या टक्क्यामागे धावणं

माझ्या मते यात गरिबाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. कोर्टाच्या आवारात फिरणारे एजंट सांगतात, "साठ टक्क्यांचं सर्टिफिकेट काढून देतो, आठ हजार लागतील." लोकांना वाटतं टक्का जितका मोठा तितकी रक्कम मोठी.

हिशेब तसा चालत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उलगडून सांगितलं आहे. एका हाताचं किंवा पायाचं अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचं अपंगत्व नव्हे. आणि शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली, हे बघायचं. तीच जखम एखाद्या बाबूला महिनाभर त्रास देईल आणि गवंड्याचा धंदाच बंद करेल.

वडवणी तालुक्यातल्या एका ताईंचं प्रकरण मला कायम आठवतं. वय चौतीस, नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायच्या. हंगामात सोलापूर जिल्ह्यात टोळीच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) पहाटे पाणी घेऊन रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं. उजवं मनगट चुरलं, खांदा निखळला. एजंटने आधीच साठ टक्क्यांचा कागद काढून ठेवला होता, तोही त्यांना कधी न तपासलेल्या डॉक्टरचा. आमच्या वकिलांनी तो फायलीत घेतलाच नाही. असा कागद दाखल केला की विमा कंपनी मेडिकल बोर्डाची मागणी करते, आणि बोर्डाने कमी टक्का दिला की तुमच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. आम्ही त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवलं. सगळ्या शरीराच्या हिशेबाने पंधरा टक्के आले. एजंट म्हणाला, "बघा, बाईचं वाटोळं केलं."

मग खरं काम सुरू झालं. कोयता उजव्या हातात धरतात, मोळी दोन्ही हातांनी आवळतात आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेतात. यातलं काय जमतं, हे ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना साक्षीत विचारायला लावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही बाई पुन्हा ऊस तोडू शकणार नाही. दुसरी अडचण कमाईची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) नवऱ्याच्या नावावर, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतही नाव नवऱ्याचंच. कंपनीने म्हटलं, या गृहिणी आहेत. मुकादम साक्षीला यायला तयार नव्हता. मी स्वतः तीन वेळा त्याच्या गावी गेलो. शेवटी तो वही घेऊन आला आणि एक कोयता म्हणजे दोन माणसं, हे त्याने शपथेवर सांगितलं. कारखान्याच्या वजनाच्या पावत्या सोबत लावल्या.

न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाने, त्यांची कमाई महिना बारा हजार धरली. वर्षाचे १,४४,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्यांना भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के धरतात, म्हणजे २,०१,६००. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने गुणतात; वय ३१ ते ३५ असेल तर गुणक सोळा. गुणाकार ३२,२५,६००. यावर नुसते पंधरा टक्के धरले असते तर ४,८३,८४० झाले असते. कमाईची क्षमता चाळीस टक्के बुडाली असं धरल्यामुळे १२,९०,२४० झाले. औषधपाणी, वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा. फरक पडला तो डॉक्टरांच्या साक्षीने आणि मुकादमाच्या वहीने.

म्हणून टक्का विचारण्याआधी, अपघातापूर्वी तुम्ही दिवसभर काय काम करत होता ते लिहून काढा. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत. मी प्रत्येक पक्षकाराला दोनशे पानी वही घ्यायला लावतो. पहिल्या पानावर हे, पुढच्या पानांवर तारीखवार खर्च. कोण सोबत राहिलं, रिक्षाला किती गेले, कुणाची रोजंदारी बुडाली. महिलांनी तर हे लिहिलंच पाहिजे, कारण त्यांची कमाई घरातल्या पुरुषाच्या नावाखाली सगळ्यात लवकर गडप होते.

उभ्या ट्रकवर मागून आदळणं

रात्री दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मागे झाडाची फांदी टाकलेली नाही, आणि ट्रक अर्धा रस्ता अडवून उभा. मोटारसायकल मागून आदळते आणि गुन्हा जखमीवरच दाखल होतो. घरचे समजतात, आता काही मिळणार नाही. गाडी धोकादायक रीतीने उभी करायची नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये आहे. दोष दोघांत वाटला जाऊ शकतो. पण त्यासाठी ट्रक हलवायच्या आत काढलेला मागच्या बाजूचा फोटो लागतो. फोटोत ट्रकचा मागचा दिवा, रस्त्याची कड आणि दोन्ही नंबर प्लेट येऊ द्या. ट्रेलर असेल तर पुढच्या ओढणाऱ्या गाडीची नंबर प्लेट वेगळी आणि मागच्या ट्रेलरची वेगळी असू शकते, विमाही वेगवेगळा असू शकतो.

आता बाकीच्या गोष्टी थोडक्यात.

दावा लावायची मुदत सहा महिन्यांची आहे, अपघाताच्या दिवसापासून. १ एप्रिल २०२२ पासून हा नियम लागू आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. व्याजही साधारण अर्जाच्या तारखेपासून मिळतं, म्हणजे उशीर केलेला प्रत्येक महिना तुमच्या पदरचा जातो.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. पोलिस पाठवतील म्हणून स्वतःचा अर्ज थांबवू नका.

अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडेच दावा लावायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. वडवणीच्या ताईंचा दावा बीडलाच चालला. हे माहीत नसल्याने कित्येक ऊसतोड कुटुंबं दावाच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मेडिकलची बिलं गुळगुळीत कागदावर छापलेली असतात, वर्षभरात अक्षरं उडतात. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा, मूळ बिल त्याच्या मागे पिनअप करा.

मालाच्या ट्रकमध्ये फुकट बसून जाताना जखमी झालात तर विमा कंपनी हात वर करते आणि बहुतेक वेळा कायदा तिच्या बाजूने असतो. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी म्हणून बसला असाल तर गोष्ट वेगळी, पण मालाची पावती जपा.

धडक देऊन ट्रक पळाला आणि सापडलाच नाही, तर दुसऱ्या विमावाल्या गाडीचा नंबर घालून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ती फसवणूक आहे, गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीही अडकाल. पळालेली गाडी सापडली नाही तर सरकारी योजना आहे: गंभीर जखमीला ५०,०००, मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा.

लोकअदालतीत तडजोड करायला माझी हरकत नाही, कितीतरी घरांना त्यातून वेळेवर पैसे मिळालेले मी पाहिलेत. पण हाडात रॉड असताना, तो काढायचं ऑपरेशन बाकी असताना तडजोड करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च मग तुमच्याच खिशातून जातो. आधी डॉक्टरांकडून पुढच्या उपचाराच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या, मग बोलणीला बसा.

बँकेचं खातं जखमीच्या स्वतःच्या नावावर उघडा, पासबुक आणि एटीएम कार्ड घरात ठेवा. सही केलेला कोरा चेक एजंटला दिलेली तीन कुटुंबं मला माहीत आहेत. त्यातल्या एका बाबांचा पाय मांडीपासून कापलेला होता. रक्कम जमा झाली त्याच दुपारी निघाली, आणि ते मला विचारायला आले तेव्हा त्यांच्याकडे परतीच्या एसटीचे पैसे नव्हते.