गटाचे खाते मॅस्टोडॉनवर नेताना

पाषाण तलावावर रविवारी सकाळी पक्षी पाहायला जमणाऱ्या आमच्या गटाचे पान एका मोठ्या समाजमाध्यमावरून एका रात्रीत नाहीसे झाले आणि अनेक वर्षांची छायाचित्रे, नोंदी व जोडलेली माणसे त्यासोबत गेली. दाद मागायची तर समोर माणूसच नव्हता. त्यानंतर आम्ही मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर बस्तान हलवले. ज्या गटांना असे करायचे आहे, त्यांच्यासाठी ही रीत आमच्या चुकांसह लिहितो आहे.

मॅस्टोडॉन म्हणजे एका कंपनीची जागा नव्हे. जर्मनीतील ऑयगेन रोखको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर कोणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावर, चालवू शकतो आणि असे हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रणालीने एकमेकांशी जोडलेले असतात. वेबची तांत्रिक प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ही प्रणाली जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. छायाचित्रांसाठीचे पिक्सेलफेड आणि व्हिडिओंसाठीचे पीअरट्यूब हेही तीच प्रणाली वापरत असल्याने तिथली खाती मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येतात. कोथरूडचे कुलकर्णी वेगळे आणि हडपसरचे वेगळे, तसे एकच नाव दोन सर्व्हरांवर दोघांचे असू शकते. म्हणून पत्ता देताना नावापुढे सर्व्हरही लिहावा लागतो. आम्ही पहिल्या पत्रकांवर नुसतेच नाव छापले आणि ती सगळी रद्दीत घातली.

खरी निवड सर्व्हरची असते. सदनिका घेताना शहाणा माणूस सजवलेल्या नमुना सदनिकेला भुलत नाही, तर सोसायटीचा हिशेब आणि उन्हाळ्यात किती टँकर मागवावे लागतात ते विचारतो. इथेही तेच करावे. सर्व्हरच्या माहितीच्या पानावर चालक कोण, नियम कोणते, खर्च कशातून भागतो आणि शिवीगाळीच्या तक्रारी कोण पाहतो, हे लिहिलेले आहे का ते पाहावे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरील यादीत यायचे तर सर्व्हरचालकाला काही अटी मान्य कराव्या लागतात: रोज बॅकअप घेणे, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकेल असा आणखी एक माणूस असणे, आणि बंद करण्यापूर्वी किमान ३ महिने आधी कळवणे. ॲप आपणहून सुचवते तो सर्वांत मोठा सर्व्हर वाईट नाही, पण गर्दीच्या ठिकाणी चालकाला आपली अडचण ऐकायला सवड कमी असते, असे माझे मत आहे.

खाते उघडणे पाच मिनिटांचे काम आहे. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी) तेवढी त्याच वेळी सुरू करावी. नोंद लिहिण्याच्या चौकटीत भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नये, कारण तिथे इंग्रजी राहिले तर सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी नोंदी पाहणाऱ्याला तुमची नोंद दिसणार नाही.

बहुतेक जण पहिल्या आठवड्यात परत जातात, ते रिकामी टाइमलाइन पाहून. तुमच्यासाठी मजकूर निवडून वाढणारे यंत्र इथे नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांच्याच नोंदी, काळाच्या क्रमाने दिसतात. शिवाय लहान सर्व्हरवर बाहेरच्या नोंदी प्रामुख्याने तिथल्या कोणीतरी फॉलो केलेल्या खात्यांमुळेच पोहोचतात, त्यामुळे हॅशटॅग ओस वाटला तरी विषय ओस असतोच असे नाही. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस खाती शोधून फॉलो करावीत, दोन-तीन हॅशटॅगही फॉलो करावेत आणि आवडलेली नोंद बूस्ट करावी, म्हणजे आपल्याला फॉलो करणाऱ्यांपुढे पुन्हा मांडावी. नुसत्या पसंतीने ती पुढे कोणापर्यंत जात नाही.

खासगी संदेशांबाबत सावध राहावे. ते फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) नसतात आणि सर्व्हरचालकाला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. घरट्यांची नेमकी ठिकाणे आम्ही तिथे कधीच लिहीत नाही. सर्व्हर बदलायचा झाल्यास तुम्हाला फॉलो करणारे नव्या खात्याकडे आणता येतात आणि तुम्ही फॉलो करता त्यांची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या ठिकाणी चढवता येते, मात्र जुन्या नोंदी जुन्या जागीच राहतात. म्हणून मूळ छायाचित्रे स्वतःच्या डिस्कवर ठेवावीत. आम्हाला हे शहाणपण उशिरा आले.

स्वतःचा सर्व्हर उभारण्याचा मोह प्रत्येक गटातील संगणकवाल्या सदस्याला होतोच. एकदा निवडलेले डोमेन, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरील पत्ता, पुढे बदलता येत नाही, इतर सर्व्हरांवरून येणारी छायाचित्रे साठून डिस्क भरत जाते व ती नियमित साफ करावी लागते, आणि २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करण्याची जबाबदारीही येते. हे सगळे वर्षानुवर्षे पाहतील अशी निदान दोन माणसे नसतील, तर या फंदात पडू नये. आम्ही अजून दुसऱ्याच्याच सर्व्हरवर आहोत आणि त्याच्या देखभालीची वर्गणी आमचे खजिनदार दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत, चहापाण्याचा खर्च मांडण्याआधीच, बाजूला काढतात.