इंग्रजीतल्या 'क्रो'चा अर्थ कसा लावावा

सांगलीत कृष्णेच्या घाटावर दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसे पाहत आपण मोठे होतो, आणि त्यामुळे कावळा म्हटले की पितर, पाहुण्याची चाहूल, काकबळी हे सारे एकदम मनात येते. इंग्रजीतल्या 'क्रो' या शब्दामागे यांपैकी काहीही नाही. म्हणून परीक्षेच्या उताऱ्यात हा शब्द आला की तो नाम आहे की क्रियापद, हे आधी ठरवावे.

क्रियापद असेल तर लगेच कर्ता शोधावा. इंग्रजीत कावळा 'क्रो' करत नाही. त्याच्या काव-कावसाठी 'कॉ' असे वेगळे क्रियापद आहे. 'क्रो' करतो तो कोंबडा, म्हणजे तो आरवतो. भूतकाळी रूप 'क्रोड' असे होते, पण १६११ च्या इंग्रजी बायबलात 'द कॉक क्रू' असे जुने रूप आढळते आणि ते पाहून अडखळू नये. कर्ता तान्हे बाळ असेल तर ते आनंदाने चीत्कारते. कर्ता मोठा माणूस असेल तर मात्र पुढचे शब्दयोगी अव्यय पाहिल्याशिवाय भाषांतर करू नये: 'अबाउट' असेल तर तो आपल्या यशाची फुशारकी मारतो आहे, आणि 'ओव्हर' असेल तर हरलेल्याच्या नाकावर टिच्चून मिरवतो आहे. या दोहोंत मला दुसरा अर्थ अधिक बोचरा वाटतो, आणि तो बोचरेपणा भाषांतरात उतरलाच पाहिजे.

नामाचे बरेचसे उपयोग सोपे आहेत. 'स्केअरक्रो' म्हणजे बुजगावणे, 'क्रोबार' म्हणजे पहार किंवा कटावणी, 'क्रोज फीट' म्हणजे डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या सुरकुत्या, आणि 'क्रोज नेस्ट' म्हणजे जहाजाच्या डोलकाठीवरची टेहळणीची जागा. 'ॲज द क्रो फ्लाइज' याचा अर्थ सरळ रेषेतले अंतर. सातारा ते सांगली हे अंतर असे मोजले तर सुमारे ११० किलोमीटर भरते, पण कराड, पेठनाका, आष्टा असा रस्ता धरला की ते वाढते. मराठीत इथे 'हवाई अंतर' लिहावे. कावळ्याला उडवण्याची गरज नाही.

खरी कसोटी 'ईट क्रो' या अमेरिकी वाक्प्रचाराची आहे. माणसाने आधी छातीठोकपणे काही सांगितलेले असते, ते खोटे ठरते, आणि ती चूक त्याला चारचौघांत कबूल करावी लागते. या तिन्ही गोष्टी असतील तरच हा वाक्प्रचार शोभतो. 'माफी मागणे' हे भाषांतर त्यामुळे फिके पडते, आणि 'तोंडघशी पडणे' यात फजिती आली तरी कबुली येत नाही. मी 'मानहानी पत्करून शब्द मागे घेणे' असे लिहितो. ते लांब आहे, पण पुरे आहे.

'जिम क्रो' हे शब्द दिसले तर पक्षी पूर्णपणे विसरावा. थॉमस राइस नावाचा गोरा नट १८३० च्या सुमारास चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे जे पात्र रंगवत असे, त्याचे हे नाव. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा, गाड्या, उपाहारगृहे वेगळी ठेवणारे कायदे केले, त्यांना हेच नाव चिकटले. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी वैध ठरवली, आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा होईपर्यंत ती व्यवस्था पुरती मोडली नाही. मराठीत 'जिम क्रो कायदे' असेच ठेवून पहिल्या उल्लेखाशी 'वंशभेदाचे' हा शब्द जोडावा. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'कावळा कायदे' लिहिले होते, तेव्हापासून हा भाग मी कधीच वगळत नाही.

उलट दिशेनेही हीच काळजी घ्यावी. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' याच्या इंग्रजीत 'क्रो' घातला तर वाचकाला काही कळणार नाही. तिथे निव्वळ योगायोग या अर्थाचा 'कोइन्सिडन्स' हा शब्द पुरतो. पिंडाला कावळा शिवला, हे मात्र एका शब्दात सांगता येत नाही. तिथे कावळा ठेवावा, आणि त्याने भाताच्या गोळ्याला चोच लावली म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली असे घरचे मानतात, हे पुढच्या वाक्यात सरळ लिहावे.