उन्हाळ्यात पीआयआर मोशन सेन्सर आंधळा होतो, त्याला ताळ्यावर कसं आणायचं

एप्रिल लागला की दरवर्षी तीच तक्रार, जिन्यातला नाहीतर पोर्चमधला सेन्सर लाईट माणूस अगदी खाली येऊन उभा राहिला तरी लागत नाही, हात हलवा, उड्या मारा, ढिम्म. आणि हाच सेन्सर डिसेंबरमध्ये गेटबाहेरून जाणाऱ्या कुत्र्यासाठी पण लाईट लावत होता. मग लोक सेन्सर बदलतात आणि नवीन पण तसाच वागतो. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे तर हे फारच. बहुतेक वेळा सेन्सर बिघडलेला नसतोच, त्याला काही दिसतच नसतं.

पीआयआरला (म्हणजे असल्या लाईटमधल्या, उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरला) हालचाल अशी कळत नाही, त्याला कळतो फरक. समोरची भिंत किंवा फरशी जेवढी गरम आहे त्याच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी पुढून सरकलं की आतल्या दोन क्रिस्टलच्या तुकड्यांपैकी आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर उष्णता कमीजास्त पडते, आणि त्या चढउताराला तो हालचाल समजतो. आपली कातडी साधारण ३३-३४ डिग्री. थंडीत भिंत १५ ला असते तेव्हा माणूस तिच्यासमोर चमकतो, पण भिंतच ३४ वर आली की माणूस आणि भिंत एकच. गंमत म्हणजे भर दुपारी तापलेली भिंत ५० च्या आसपास गेली तर सेन्सर पुन्हा चालायला लागतो, कारण आता माणूस भिंतीपेक्षा थंड दिसतो आणि सेन्सरला थंड की गरम याच्याशी घेणंदेणं नाही, फरक असला की झालं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ दुपारची नाही तर अंधार पडल्यानंतरची, जेव्हा दिवसभर तापलेली भिंत उतरत उतरत ३३-३५ वर येऊन थांबते. नेमकी लाईट हवी असते तीच वेळ.

त्यामुळे पहिलं काम पेचकस हातात घेणं नाही, मोजणं. कोविडमध्ये घेतलेली कपाळाची गन घरात पडली असेल, बऱ्याच गनमध्ये सरफेस मोड असतो, तो लावून सेन्सरच्या नजरेसमोरची भिंत आणि फरशी पहाटे, दुपारी, रात्री आठला आणि दहाला मोजा (बॉडी मोडवर ठेवू नका, तो आकडा जुळवून दाखवतो). त्याच वेळेला चालून पण बघायचं, लाईट कुठे लागला तिथे खडूने रेघ मारायची. एका दिवसात कळतं की कुठल्या तापमानाला रेंज किती गळते. हे केल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता जागा, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त फायदा इथेच होतो. पश्चिमेची भिंत किंवा पत्रा सेन्सरच्या समोर येऊ देऊ नका, सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन त्याच्यासमोर आतली, सावलीतली भिंत येईल असं बघा. ते जमत नसेल तर त्या भिंतीवर ग्रीन नेट टाका किंवा पांढरा रंग द्या, ऊन कमी शोषलं की भिंत रात्री लवकर उतरते. दुसरं म्हणजे माणूस सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येऊ नये, आडवा जावा, कारण आडवं गेलं की दोन्ही तुकड्यांवरून फरक झरझर सरकतो आणि सरळ येताना दोन्हीवर जवळजवळ सारखाच पडतो. हिवाळ्यात ही चूक लपून जाते, उन्हाळ्यात उघडी पडते. भिंतीवर असेल तर सात-आठ फूट उंची बरी. आणि सात मीटरचं काम एकाच सेन्सरकडून करून घेण्यापेक्षा तीन-साडेतीन मीटरवर दोन लावा, स्वस्त तर मिळतात.

उलटा त्रास पण असतो, कोणी नसताना लाईट लागणं. कूलरचा किंवा एसीचा झोत थेट लेन्सवर, पडद्यामागून सरकणारं ऊन, आत्ताच आणून लावलेल्या बाईकचा तापलेला सायलेन्सर, ही नेहमीची मंडळी. पण एक जागा कोणी बघत नाही, सेन्सरच्या मागे वायरचा पाईप. तापलेल्या भिंतीतल्या पाईपमधून गरम हवा थेट सेन्सरच्या डब्यात येते आणि आतून ट्रिगर करते. पाईपचं तोंड सिलिकॉनने नाहीतर एम-सीलने बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. डबा पांढरा ठेवा आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा छोटा सर्किट) त्याच डब्यात कोंबू नका, तो स्वतःच गरम होतो. लेन्स ओल्या मऊ कापडाने पुसा, थिनर अजिबात नको, आणि पावसापासून वाचवायला पुढे काच लावायचा विचार असेल तर सोडून द्या, काचेतून ही उष्णता जातच नाही.

मग सेटिंग. बाजारात सगळीकडे मिळणारा एचसी-एसआर५०१ हा सुटा पीआयआर सेन्सर असेल तर त्याच्यावर दोन पॉट (पेचकसाने फिरवायचे छोटे स्क्रू) असतात, एक सेन्सिटिव्हिटीचा आणि एक वेळेचा. उन्हाळ्यात सेन्सिटिव्हिटी वाढवायची, हो, पण मोसमाप्रमाणे परत खाली आणायची आठवण ठेवा, नाहीतर पहिल्या पावसानंतर रात्रभर लाईट चालूबंद. वेळ पण वाढवा, म्हणजे एकदा पकडलं की मधे आंधळा झाला तरी लाईट टिकतो. पॉवर दिल्यावर एक मिनिट त्याला स्थिर होऊ द्या, तोपर्यंतचं ट्रिगर मोजू नका. ईएसपी बोर्डला (कोड टाकून चालवायचा वायफायवाला छोटा कंट्रोलर) चिकटवून लावू नका, वायफायच्या गडबडीने पण तो खोटं ट्रिगर होतो, थोडं अंतर ठेवा आणि सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

ईएसपी३२ वापरतच असाल तर खरी मजा पुढे आहे. डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर घ्या, ±०.५ डिग्रीपर्यंत बरोबर असतो, आणि तो हवेत लटकवू नका, समोरच्या भिंतीला चिकटवा, आपल्याला भिंतच मोजायची आहे. कोडमध्ये साधा नियम: भिंत ३० च्या खाली असेल तर काही सेकंदात पीआयआरकडून दोन पल्स (हालचालीचे इशारे) आल्या तरच माणूस समजायचा, ३० ते ३८ मध्ये असेल तर एकच पल्स पुरे आणि लाईट जास्त वेळ धरून ठेवायचा. आकडे तुमच्या खडूच्या रेघांवरून बदला, माझे डोळे झाकून घेऊ नका.

एवढं करूनही रात्री नऊला सेन्सर ढिम्मच असेल तर पीआयआरची हद्द संपली, कारण जिथे फरकच नाही तिथे गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) वाढवून फक्त नॉइज (खोटा सिग्नल) वाढतो. सोबत एलडी२४१० सारखा २४ गिगाहर्ट्झचा रडार लावा, त्याला तापमानाशी मतलब नाही. पण त्याला पंखा, हलणारा पडदा, पातळ पार्टिशनच्या पलीकडचा माणूस पण दिसतो, त्यामुळे एकट्यावर सोडू नका. भिंत ३० ते ३८ मध्ये असताना रडारचं ऐकायचं, बाकी वेळ दोघांनी हो म्हटलं तरच लाईट.

तयार अलार्मचा सेन्सर विकत घेत असाल तर माहितीपत्रकात टेम्परेचर कॉम्पेन्सेशन कसं आहे ते विचारा. साधे सेन्सर तापमान वाढेल तसं गेन वाढवतच जातात, चांगले ३७ च्या पुढे परत कमी करतात. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या साईटवरून पत्रक उतरवून घ्या, आपल्याकडे मे महिन्यात याच एका ओळीने फरक पडतो.